पाऊणकी

कोपरखैरणे,
२१ जानेवारी १९९६

ताई, नमस्कार.

मागच्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असाल. तुमचा भाऊ गेल्याला दीड वर्ष झालं आणि या दीड वर्षात मी काय केलं असं कुणी विचारलं, तर सांगायला काही नाही. सुयश बडोद्याहून रविवारी फोन करतो, "आई, जेवलीस का" विचारतो, मी "हो" म्हणते. खरं म्हणजे मागच्या खिडकीत बसून असते. आज लिहायला घेतलं कारण सांगण्यासारखं काहीतरी घडलं आहे. हसू नका.

आमच्या मागे रस्ता, त्यापलीकडे बंद पडलेलं मिठागर, त्याच्या कडेने तिवरं आणि मग खाडी. दिवाळीच्या सुमारास ध्यानात आलं, की एका दुपारी बारा वाजता पाणी तिवरांच्या कमरेला होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गुडघ्याला. मग रोज बघायला लागले. पाणी रोज उशिरा येतं. किती उशिरा? कॅलेंडरवर पेन्सिलने वेळा लिहायला लागले. पाणी उतरलं की चिखलात लांब चोचीचे पक्षी उतरतात, बारके खेकडे एकच मोठी नांगी हलवत उभे राहतात, जणू रिक्षा थांबवताहेत. परवा बघता बघता कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि भाताची पेज झाली. तीच खाल्ली, दोन वाट्या.

कोपरखैरणे गावातले सितारामदादा मासळी घेऊन येतात. जन्म मिठागरात गेला त्यांचा. त्यांना विचारलं, पाणी कधी भरणार हे आधी कसं कळतं? ते म्हणाले, "बाय, त्यात काय हाय? तिथीची पाऊनपट कर. तवरे वाजता पानी भरतं. आमचे मोऱ्याच्या बंदरातले पाव्हने अशीच गनती करतात."

पाऊणपट! ताई, तुम्हाला आठवतं ना? लग्न होऊन आले तेव्हा अण्णांनी मला ओटीवर बसवून पाऊणकीचा पाढा म्हणायला लावला होता. सातवी नापास सून, तिला माणसात आणायची. खडीसाखरेचा डबा समोर, बरोबर म्हटलं की खडा. महिनाभर बसले. मला एकही खडा मिळाला नाही. तीन पाऊणच्या पुढे जीभच हलत नसे, डोळे त्या डब्यावर. शेवटी अण्णांनी डबा मिटला आणि म्हणाले, "ही ढ आहे."

तीच पाऊणकी मी परवा एका दुपारी भाजी निवडता निवडता पाठ केली. चार पाऊण तीन. चतुर्थीला तीन वाजता भरती. बारा वर्षांच्या मुलीसारखी टाळी वाजवली मी, एकटीच.

तुमची,
अरुणा


माहुली, सातारा,
३० जानेवारी १९९६

अरुणा, आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पेजेच्या दोन वाट्या वाचून डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला लाज कसली? मधुकर गेल्यावर मला वाटलं होतं, भाऊ गेला आणि मागोमाग भावजयही जाणार. तू परत आलीस.

तुझ्या वरच्या मजल्यावरची शालन माहेरच्या लग्नाला आली होती, ती परवा भेटून गेली. म्हणाली, "बाई, वैनी आता जेवत्यात बरं का. खिडकीत बसून कायतरी लिवत्यात." त्यामुळे तुझ्या आधीच मला बातमी होती.

अण्णांचं म्हणशील तर ते कडक होते, पण त्यांच्या हातात विद्या होती. मी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळी त्याच डब्यावर शिकले. पोहणंसुद्धा. नऊ वर्षांची होते. आपल्या मागच्या दारच्या घाटावर ते पहिल्या पायरीवर खडा ठेवायचे. उचलला की दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली. मग आणखी एक. "साखर नेहमी एक हात पुढे हवी," म्हणायचे, "म्हणजे पोर आपोआप येतं." आठ दिवसांत मी पाण्यात होते. पुढे मीही शाळेत तीस वर्षं याच रीतीने शिकवलं. डबा अजून माझ्या कपाटात आहे, त्यांच्या हातच्या खड्यांसकट.

आता माझं एक ऐक. नुसतं बघून भागायचं नाही, शिस्त हवी. मागच्या दाराबाहेर एक पाटी टांग. सकाळी भरतीची वेळ लिही, बरोबर आली की शेजारी खूण कर. आपली प्रगती आपल्याला दिसली पाहिजे.

सत्यभामा


कोपरखैरणे,
१४ फेब्रुवारी १९९६

ताई, नमस्कार.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि कुठली आधी सांगू असं झालं आहे.

पहिली. पाटी टांगली. पण चार दिवस माझी वेळ चुकतच होती, रोज थोडीशी. आधी वाटलं, ढ ते ढच. मग चिडून मिठागराच्या बांधावर गेले आणि तिवराच्या एका बुंध्याला चिंधी बांधून घड्याळ घेऊन बसले. पाणी चिंधीपर्यंत येऊन थांबलं, ते गणितापेक्षा अर्धा तास उशिरा. दुसऱ्या दिवशीही अर्धा तास. तिसऱ्याही. मग डोक्यात प्रकाश पडला. गणित मोऱ्याचं, तिथे समुद्र दाराशी. आमच्याकडे यायचं तर पाण्याला सगळी खाडी चढून यावं लागतं, त्याला वेळ नको? सितारामदादांना सांगितलं तर टोपली खाली ठेवून हसले. "तुला कोनी सांगलं?" म्हणाले. कुणी नाही, म्हटलं. "मंग ते तुजं झालं. माजं मी बापाकडून घेतलेलं, तुजं तू पान्याकडून घेतलंस."

तीन दिवस जमिनीवर पाय नव्हते माझे.

आता दुसरी. ताई, शुक्रवारी पाटीवर खूण करून आत आले आणि चहा घेऊन परत गेले तर खिडकीच्या कठड्यावर खडीसाखरेचा एक खडा. मुंग्यांची रांग लागली होती, म्हणून लक्ष गेलं. रविवारी पुन्हा. काल पुन्हा. बरोबर खूण केल्यावरच.

नव्या मुंबईत अण्णांच्या साखरेची गोष्ट कुणाला ठाऊक असणार? ह्यांच्याशिवाय? लग्नानंतरच्या त्या महिन्यात अण्णा झोपले की हे मला चोरून म्हणायचे, "एक दिवस मीच तुला खडा देईन." कधी दिला नाही. राहून गेलं.

मी तो खडा मुठीत धरून खूप रडले. खाल्ला नाही. बरणीत ठेवला आहे.

तुमची,
अरुणा


माहुली,
२२ फेब्रुवारी १९९६

अरुणा, आशीर्वाद.

खडा कोण ठेवतं याचा फार विचार करू नकोस. देणारा तुझं भलंच चिंतत असेल. तू घे आणि पुढे शीक. अण्णा असते तर म्हणाले असते, एवढ्यावर थांबायचं नाही.

खाडीच्या अर्ध्या तासाचं वाचून फार बरं वाटलं. पुढे काय शोधते आहेस ते लिही. ते पक्षी कुठले, ते खेकडे काय करतात?

माझं बरं आहे. परवा ओल्या ओट्यावर पाय घसरून घोटा दुखावला. हाड मोडलं आहे म्हणे, प्लास्टर घातलं आहे. शेजारचा नामा नावाडी पाणी भरून देतो. काळजी करू नकोस.

सत्यभामा


कोपरखैरणे,
१० मार्च १९९६

ताई, नमस्कार.

घोट्याला जपा.

बरणीत आता एकोणीस खडे आहेत. फेब्रुवारीत सहा, मार्चमध्ये आतापर्यंत तेरा. म्हणजे मार्चमध्ये रोज एक आणि तीन दिवस दोन-दोन. सकाळी उठले की आधी तेच बघते. हल्ली खिडकीत नसतो, मागच्या पायरीवर असतो.

पक्ष्यांचं विचारलंत. असतील. हल्ली बसणं होत नाही तेवढं. अष्टमी-नवमीची वेळ नीट जुळत नाही, पाणी धड चढत नाही की उतरत नाही, म्हणून त्या दिवसांत मी सोप्या वेळा लिहिते. खोटं कशाला बोलू, दोनदा पाणी बघितलंच नाही आणि खूण केली. खडा आला. तिसऱ्यांदा वेळ चुकलेली डोळ्यांनी दिसत होती, तरी खूण केली. तरीही आला. म्हणजे त्यांना राग नाही.

एक गंमत. पहिल्या खड्यांना मुंग्या लागायच्या. आता एकही मुंगी फिरकत नाही. बरणीचं झाकण उघडं राहिलं तरी.

सितारामदादा विचारत होते, "बाय, खिरकी बंद का गं?" म्हटलं, ऊन येतं.

अरुणा


माहुली,
१८ मार्च १९९६

अरुणा,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. मी तुझी अपराधी आहे, तेव्हा आडवळणाने लिहिणार नाही.

साखर मी ठेवायला लावली. शालन जानेवारीत भेटली तेव्हा अण्णांच्या डब्यातले नऊ खडे पुडीत बांधून तिच्याकडे दिले आणि सांगितलं, वहिनीने पाटीवर खूण केली की एक खडा गुपचूप खिडकीत ठेव. पाटी टांगायला सांगितली ती त्याचसाठी. तू मधुकरचं नाव लिहिलंस तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. तू इतकी आनंदात होतीस की माझी हिंमत झाली नाही.

आणि मला हे कळायला हवं होतं. माझ्या शाळेत ईश्वरी नावाची मुलगी होती. मधल्या सुट्टीत कोळशाने फरशीवर चित्रं काढायची, कुणी सांगितलं नव्हतं. म्हशी, बैलगाड्या, हेडमास्तरांच्या मिशा. मला कौतुक वाटलं, मी प्रत्येक चित्राला खडा द्यायला लागले. महिन्याभरात ती एका सुट्टीत दहा चित्रं काढायला लागली, दहाही सारखी, चार रेघा आणि हात पुढे. साखर संपली म्हणून मी थांबले, तर तिने कोळसा टाकला तो टाकलाच. पुढे वर्षभर ती सुट्टीत भिंतीला टेकून बसायची. मी ते बघितलं आहे, अरुणा. बघून विसरले, कारण अण्णांची रीत चुकीची असू शकते हे मला मनात आणायचं नव्हतं.

तुझ्या पहिल्या पत्रात खेकडे होते, भाताची पेज होती. शेवटच्या पत्रात फक्त खडे आहेत. तुझ्या हातातून ती खाडी मी काढून घेतली.

शालनला आजच कार्ड टाकलं आहे की हे बंद कर. तुला राग येईल. येऊ दे. पण खिडकी उघड.

एकच कळत नाही. मी नऊच खडे दिले होते. तुझ्या बरणीत एकोणीस कसे?

सत्यभामा


कोपरखैरणे,
२३ मार्च १९९६

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि फाडलं. मग चिकटवलं.

शालनला कार्ड टाकलंत ते कुठल्या पत्त्यावर? ती इथे नाही. तिच्या नवऱ्याला तळोज्याकडे काम मिळालं, अठरा फेब्रुवारीला ते नावड्याला राहायला गेले. वरची खोली तेव्हापासून बंद आहे, कुलपाला कोळिष्टक लागलं आहे. आज सकाळी मी स्वतः जिना चढून बघून आले.

म्हणजे सुरुवातीचे चार-पाच तुमचे असतील. बाकीचे तुमचे नाहीत. हे वाचून मला भीती वाटायला हवी होती ना? मला आनंद झाला, ताई. तुमचे नाहीत म्हणून.

तुम्हाला काय कळणार? तुम्हाला खडा लहानपणापासून मिळत आला. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, आणि पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं आहे की ही ढ नाही. तो कोण आहे याच्याशी मला काय करायचं? आता पाटीवर काय लिहिते तेही महत्त्वाचं राहिलेलं नाही, मी काहीही लिहिते. पायरीवरचा खडा आठवड्यापूर्वी कुंपणाच्या भिंतीवर आला. मग रस्त्यापलीकडे, दगडावर. पाडव्याला मिठागराच्या कडेला. आज बांधाच्या तोंडाशी होता, पांढरा स्वच्छ. रोज थोडा लांब. मी रोज जाते आणि घेऊन येते. एवढं काय त्यात?

तुम्ही बंद करा म्हणालात तरी ते बंद होणार नाही. आणि कृपा करून मला शिकवू नका.

अरुणा


माहुली,
२९ मार्च १९९६

अरुणा, बाळा,

हे पत्र पोचायला पाच-सहा दिवस लागतील, म्हणून तारही करते आहे. नामाला पोस्टात पाठवलं आहे. पाय प्लास्टरमध्ये नसता तर मी एस.टी.त बसले असते.

शालनचं कार्ड आलं. माझं कार्ड फिरून तिला नावड्याला मिळालं. ती लिहिते, "बाई, चारच खडे ठेवले, मग आमची खोली सुटली. उरलेली पुडी हितंच हाय, तिला मुंग्या लागल्यात. काय करू?"

मी कपाट उघडलं. अण्णांचा डबा शालनला नऊ खडे दिल्यावरही गळ्यापर्यंत भरलेला होता. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते. आता डब्याचा तळ दिसतो आहे.

साखर रोज थोडी लांब ठेवतात असं तू लिहिलंस ना? ही रीत कुणाची ते तुला मी सांगितलं. पण सगळं सांगितलं नव्हतं. त्रेपन्न वर्षांत कुणालाच सांगितलं नाही, मधुकरलाही नाही. आठव्या दिवशी मी पोहायला शिकले हे खोटं आहे. आठव्या दिवशी खडा पाण्याखालच्या पायरीवर होता. वरून दिसत होता. मी वाकले, हाताला लागला नाही, आणखी एक पायरी उतरले. तिथे पायरी नव्हती. पाणी डोक्यावरून गेलं. अण्णा काठावर उभे होते. ते दुष्ट नव्हते गं, त्यांना खरंच वाटत होतं की आता मी हात मारीन. पाण्यातून मला त्यांचा आवाज येत होता, "घे, घे, पुढे आहे, घे." धुणं धुणाऱ्या एका बाईने माझी वेणी धरून मला बाहेर ओढलं.

आणि बाहेर आल्यावर मी काय केलं असेल? तो खडा मागितला. त्यांनी दिला. मी खाल्ला.

त्यानंतर मी पाण्यात पाऊल टाकलेलं नाही. नदी मागच्या दाराशी आहे.

माझ्या अरुणा, तू ढ कधीच नव्हतीस. तुझ्यापुढे डबा होता म्हणून तुला पाऊणकी येत नव्हती, आणि डबा नव्हता म्हणून एका दुपारी आली. एवढं साधं मला बासष्टाव्या वर्षी कळतं आहे. बांधावर जाऊ नकोस. खडा उचलू नकोस. शालनला तुझ्याकडे जायला लिहिलं आहे.

सत्यभामा


कोपरखैरणे,
५ एप्रिल १९९६

ताई,

मी आहे. हे आधी लिहिते.

तुमची तार तीस तारखेलाच आली होती. बरणीखाली दाबून ठेवली. पत्र काल सकाळी पोस्टमनने दिलं तेव्हा मी दाराला कडी लावून निघत होते. ते न उघडता पिशवीत टाकलं. काल हनुमान जयंती, देवळात भोंगा लागला होता, सगळं गाव तिकडे. पाटीवर मी "दोन" लिहिलं होतं. का दोन, माहीत नाही. कॅलेंडर बघून मला पंधरा दिवस झाले होते.

साडेदहाला बांधावर पोचले. पहिला खडा बांधाच्या तोंडाशी. दहा पावलांवर दुसरा. असं आधी कधी नव्हतं, एका दिवसात एकच असायचा. काल ते ओळीने होते. तिसरा, चौथा, पाचवा. मी वाकायची, उचलायची, पदरात टाकायची. मागे वळून बघितलं नाही. एकदाच एक गोष्ट जाणवली. बांधाची माती ओली होती, माझ्या चपलांचे ठसे खोल उमटत होते, पक्ष्यांची नखंसुद्धा उमटली होती. पण खड्यांच्या आसपास एकही ठसा नव्हता. मला ते कळलं, आणि तरी मी पुढचा खडा उचलला. तुम्ही पाण्यातून बाहेर येऊन मागितलात ना, तसंच.

बारावा उचलायला वाकले तेव्हा पायाशी एक खेकडा दिसला. तोच, एका मोठ्या नांगीचा. चिखलाची गोळी करत होता. हरभऱ्याएवढी गोळी, ती ढकलत बिळाच्या तोंडाशी नेली, मग दुसरी. मग स्वतः आत गेला आणि आतून तोंड लिंपून घेतलं. मेतकुटाच्या बरणीला घट्ट बसतं तसं झाकण. ताई, हे मी कधीच बघितलं नव्हतं! तीन महिने खिडकीत बसून हे खिडकीतून दिसलंच नव्हतं. मी तिथेच उकिडवी बसले. शेजारी दुसरा, तोही तेच. मला वाटलं, ऊन लागत असेल म्हणून. पण सावलीतले पण लिंपत होते. मग का? कशासाठी दार लावताहेत? पदरातले खडे कधी सांडले मला कळलं नाही.

किती वेळ बसले कोण जाणे. मान वर केली तर बांधाच्या दोन्ही अंगांना, जिथवर नजर जाईल तिथवर, सगळी बिळं बंद. एकही खेकडा बाहेर नाही. आणि मग आपोआप तोंडातून आलं, पौर्णिमा. पंधरा पाऊण सव्वाअकरा. वर अर्धा तास. पावणेबारा. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांना माहीत होतं. पाणी यायच्या आधी त्यांना माहीत होतं. मी पाटीवर "दोन" लिहून आले होते.

पुढे पाच पावलांवर तेरावा खडा होता. त्याच्या पुढे बांध उतरतो, तिथे पाण्याच्या काठाशी एक. आणि त्यापुढे, खोटं सांगत नाही, पाण्याच्या आत एक चमकत होता. कुणी हाक मारली नाही. पण मला इतकं वाटलं की उचलावा, की मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. मग वळले.

मागे बांध राहिला नव्हता. मिठागराची जुनी उघाडी, पाणी आत घ्यायचं दार, फुटलेली आहे, तिथून उधाणाचं पाणी आत घुसलं होतं. माझ्या मागून, आवाज न करता. गुडघ्याच्या वर होतं. सितारामदादा रस्त्यावरून ओरडत होते, "बाय, थांबू नको! ये, तशीच ये, पाय घासत ये!" पाय घासत आले. त्यांनी हाताला धरून ओढलं आणि मग इतकं बोलले की विचारू नका. मी रडत होते आणि त्यांना खेकड्यांचं विचारत होते. ते म्हणाले, "येरी झालीस का? आन हा, ते दार लावतात खरं. का लावतात ते मीपन कदी बगितलं नाय."

घरी येऊन तुमचं पत्र उघडलं. संध्याकाळी शालन आली, राहते आहे माझ्याकडे. तिच्यासमोर बरणी उघडली. ताई, इतक्या दिवसांत मी एकही खडा तोंडात घातला नव्हता. काल घातला. गोड नाही. खारटही नाही. त्याला चवच नाही, नुसता दगड. सगळी बरणी आज ओहोटीला खाडीत ओतून आले. पाटी पुसून शालनच्या मुलीला दिली.

आता मला एवढंच हवं आहे, की पाणी उतरल्यावर पहिलं झाकण कोण उघडतं आणि त्याला आत अंधारात कसं कळतं. उद्यापासून बसणार आहे. बांधावर नाही, उघाडीच्या अलीकडे, सितारामदादा म्हणतात त्या जागी. माझ्यावर रागावू नका. मी तुमच्यावर नाही.

तुमची,
अरुणा


माहुली,
१३ एप्रिल १९९६

अरुणा, माझी पोर,

तुझं पत्र आलं आणि मी देवापाशी नाही, तुझ्या त्या खेकड्यापाशी हात जोडले.

तुझ्या जिभेला दगड लागला. मला चव आठवते. खरं सांगू? काल रात्रभर मी आठवत होते की अण्णांकडून मी काय काय शिकले. सवायकी नाही आठवली. दिडकी नाही. श्लोक अर्ध्यात तुटतात. पन्नास वर्षांपूर्वीचं नीट राहिलं आहे ते फक्त जिभेवरची साखर. आणि तीस वर्षं मी पोरांना तेच दिलं.

परवा नामाला सांगून डबा नदीत टाकला. डोहाच्या मध्यभागी, नाव नेऊन. डब्यात तीनच खडे उरले होते.

मग मला रिकामं वाटायला लागलं. तेव्हा तुझी आठवण काढून मागच्या दारी घाटाच्या वरच्या पायरीवर येऊन बसले, प्लास्टरचा पाय लांब करून. समोरच्या खडकावर एक धोबी पक्षी येतो, काळा-पांढरा. शेपटी सारखी वर-खाली हलवतो. आयुष्यभर तो तिथे असणार, मी कधी बघितला नाही. का हलवतो? थांबला की जास्त हलवतो, चालताना कमी. काल सकाळी दीड तास बसले. चहा गार झाला. अरुणा, मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. तुझ्या टाळीचा अर्थ मला कळला.

आज सकाळी पुन्हा आले. तिथूनच हे लिहिते आहे. उन्हाने पायऱ्या तापल्या आहेत, कोरड्या ठणठणीत आहेत. माझ्या खालच्या पायरीवर एक खडा आहे. ओला. त्याच्याभोवती दगडावर पाण्याचा काळा डाग आहे आणि तो वाळत नाही.

माझ्यापासून एक हात खाली. हे माप मी विसरणार नाही. त्याच्या खालच्या पायरीवर काय आहे, ते मी बघितलेलं नाही.

नामा बाजारातून यायला वेळ आहे आणि हा पाय घेऊन मला एकटीला उठता येत नाही. हरकत नाही. पक्षी खडकावर आहे. आत्ता चालतो आहे, शेपटी कमी हलते आहे. आता थांबला.

पाणी उतरल्यावर पहिलं झाकण कोण उघडतं ते लवकर लिही, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. तुझं पत्र येईपर्यंत मी खाली बघणार नाही.

सत्यभामा